कॅन्सर गेला, दुखणं राहिलं: त्यात स्वभावाचा भाग किती?

ठाण्याच्या दहा नंबरवरून पनवेल लोकल पकडायची, खारघरला उतरायचं, तिथून रिक्षाने ॲक्ट्रेक. टाटा मेमोरियल सेंटरच्या या खारघरच्या केंद्राचा रस्ता माझ्या आत्याला आता डोळे मिटून सापडेल. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, किमो झाली, मग लाईट झाले (रेडिएशनला बाकांवर बसलेले सगळे ‘लाईट’च म्हणतात). या सगळ्याला चार वर्षं झाली. रिपोर्ट स्वच्छ आहेत. फक्त उजवी काख आणि दंडाची आतली बाजू दुखते. रोज दुखते.

“शून्य ते दहामध्ये किती दुखतं, मावशी?” तपासणीच्या वेळी विचारतात.

“असेल तीन.”

याच आत्याने तासाभरापूर्वी गाडीतली कडी डाव्या हाताने धरली होती, कारण उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. ऐरोलीच्या अलीकडे गाडीने हिसका दिला तेव्हा मी तिचा चेहरा पाहिला. तो तीनचा नव्हता. आमच्याच नौपाड्यातल्या एक काकू कधी कधी सोबत असतात. त्यांचंही ऑपरेशन साधारण तसंच, पण त्यांचं उत्तर असतं, “नऊ. पावसाळ्यात साडेनऊ.”

घरोघरी याचा निकाल झटपट लागतो. आत्या सोशिक, काकू काळजीखोर. ज्याचा त्याचा स्वभाव. आणि स्वभावाला औषध नाही, हे तर आपण लहानपणापासून ऐकतो. पण डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ गेली काही दशकं याच प्रश्नामागे लागलेले आहेत: कॅन्सरमधून बाहेर पडलेल्या, पण दुखणं मागे राहिलेल्या माणसाचं जगणं कसं जाणार हे त्याच्या स्वभावावर किती अवलंबून असतं? उत्तर आपल्या घरगुती निकालापेक्षा बरंच गुंतागुंतीचं आहे. माझं मत आधीच सांगते. स्वभावाचा भाग आहे, पण तो कळल्यावर आपण त्याचा उपयोग नेमका उलटा करतो.

आधी शरीराकडे बघू

स्वभावाचा विषय निघाला की ‘म्हणजे दुखणं मनातलं’ अशी उडी मारायची आपल्याला घाई असते. म्हणून आधी हे. कॅन्सर बरा झाला की दुखणंही थांबेल असं आपण धरून चालतो, तसं पुष्कळदा होत नाही. जगभरच्या अभ्यासांचा एक एकत्रित आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. कॅन्सर बरा करण्यासाठीचे उपचार पूर्ण झालेल्यांपैकी जवळपास ३९ टक्के लोकांना दुखणं होतं, असं त्यात दिसलं. म्हणजे दहातले चार. दुखणं तीन महिन्यांहून जास्त टिकलं की वैद्यकशास्त्र त्याला दीर्घकालीन म्हणतं.

कारणं खरीखुरी आहेत, शरीरात आहेत. काखेतल्या गाठी काढताना तिथून दंडाकडे जाणारी एक बारीक नस ताणली जाते, कधी कापावी लागते. आत्याचं दुखणं हेच. पॅक्लिटॅक्सेल, ऑक्झॅलिप्लॅटिन, व्हिनक्रिस्टिन यांसारखी किमोची औषधं हातापायांच्या लांब नसांना इजा करतात. सुरुवात बोटांच्या टोकांशी होते आणि मोजे चढवावेत तशी वर सरकते. स्तनाच्या कॅन्सरनंतर काही वर्षं लेट्रोझोलसारखी गोळी चालते, तिने सांधे आखडतात. तंबाखू-गुटख्यामुळे आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर फार. त्यात मानेच्या गाठी काढताना खांदा उचलणाऱ्या स्नायूची नस दुखावते आणि लाईटनंतर जबडा असा आवळतो की तोंडात दोन बोटंसुद्धा जात नाहीत.

इथे जरा मराठीचं कौतुक करू द्या. ठणका, कळ, चमक, सणक, ठसठस, सल, आग, ओढ, रग, मुंग्या: दुखण्यासाठी आपल्याकडे किती शब्द आहेत! ते नुसते शोभेचे नाहीत, तपासणीत कामाला येतात. आग होते, करंट बसल्यासारखं होतं, सुया टोचतात, मुंग्या येतात, बधिर वाटतं, असं पेशंट सांगतो तेव्हा नसेचं दुखणं असण्याचा संशय बळावतो आणि औषधाची जातच बदलते. साध्या वेदनाशामक गोळीचा अशा दुखण्यावर फारसा परिणाम होत नाही. किमोने झालेल्या नसेच्या दुखण्यावर चाचण्यांमध्ये त्यातल्या त्यात खात्रीने उपयोगी ठरलेलं औषध ड्युलॉक्सेटिन, आणि ते मुळात नैराश्यावरचं. चिठ्ठी गूगल करून ‘मला वेडं ठरवलं’ असं समजून गोळी बंद करणारे लोक मी पाहिलेत. त्या औषधाचं काम इथे वेगळं असतं: मेंदूकडून खाली मज्जारज्जूत येणारी, वेदनेला आवर घालणारी यंत्रणा ते बळकट करतं. म्हणून डॉक्टरांसमोर ‘दुखतं’ एवढंच म्हणू नये. कसं दुखतं ते आपल्या भाषेत, हवं तर आजीच्या शब्दांत सांगावं.

वॉचमनची गोष्ट

मग मनाचा संबंध येतो कुठे? १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी मांडलं की जखमेकडून निघालेला संदेश मेंदूपर्यंत जसाच्या तसा पोचत नाही. वाटेत, मज्जारज्जूत, जणू एक फाटक आहे. ते किती उघडायचं याच्या सूचना वरून, मेंदूकडूनही येतात. त्या सिद्धांतातल्या बारीकसारीक गोष्टी पुढे बदलल्या, मूळ कल्पना टिकली.

सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन डोळ्यांसमोर आणा. एरवी दूधवाला, कुरियरवाला, पाहुणे सहज आत येतात. मग एका रात्री चोरी होते. दुसऱ्या दिवसापासून वॉचमन दूधवाल्यालाही अडवतो आणि प्रत्येकासाठी वर इंटरकॉम वाजवतो. चोर पकडला गेला तरी महिनोन्‌महिने हे चालू राहतं. शरीरात कॅन्सरसारखी मोठी चोरी होऊन गेल्यावर मज्जासंस्थेचं असंच होतं. ब्लाऊजची शिलाई घासली, गार वारा लागला, एवढ्यानेही इंटरकॉम वाजतो. वॉचमन खोटं बोलत नसतो, तो घाबरलेला असतो. आणि घरमालक मुळात घाबरट असेल, प्रत्येक रिंगला धावत खाली येत असेल, तर वॉचमन आणखी सावध होतो.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. त्यातही वेदना हा शरीराला जाणवणारा आणि त्याचबरोबर भावनिक असा अनुभव म्हटला आहे. दोन्ही एकदमच. तेव्हा ‘शरीरातलं की मनातलं’ हा प्रश्नच जुना झाला.

स्वभाव मोजतात कसा

मानसशास्त्रात स्वभावाचे पाच मोठे पैलू मानतात. नव्या गोष्टींचं कुतूहल, शिस्त आणि नेटकेपणा, माणसांची ओढ, जुळवून घेणं, आणि पाचवा म्हणजे मन किती लवकर हेलकावे खातं. आपल्या विषयात हा पाचवा सगळ्यात महत्त्वाचा. तो ज्यांच्यात जास्त असतो त्यांना दुखण्याचा जाच जास्त होतो आणि त्यांचं जीवनमान (पैशांचं नव्हे, रोजचं जगणं कसं चाललंय ते) खालावलेलं दिसतं. माणसांत रमणारे, आशावादी, शिस्तीचे लोक सरासरीने बरे राहतात. सरासरीने, हा शब्द विसरू नका. आत्या आणि काकू म्हणजे सरासरी नव्हे.

नेदरलँड्समधले मानसशास्त्रज्ञ योहान डेनोलेट यांनी एक स्वभावप्रकार सांगितला, ‘टाईप डी’. १४ प्रश्नांची छोटी प्रश्नावली आहे. मनात सतत खंत, काळजी, चिडचिड, आणि ती चारचौघांत बोलून न दाखवणं, या दोन गोष्टी एकत्र असल्या की टाईप डी. याला मराठीत आधीपासून शब्द आहे: कुढा. हा विचार मुळात हृदयविकाराच्या पेशंटांवरून आला, नंतर कॅन्सरमधून बऱ्या झालेल्यांमध्येही तपासला गेला. कुढ्या माणसांचं जीवनमान इतरांपेक्षा खालावलेलं आढळलं. नवल नाही. त्रास आहे, पण तो कुणाच्या कानावरच जात नाही.

स्वभाव आणि दुखणं यांच्यामध्ये आणखी एक कडी आहे, आणि माझ्या मते सगळी गंमत तिथेच आहे. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण जिने केली तिला मानसशास्त्राची पदवी द्यायला हवी. (म्हण एखाद्या बाईनेच केली असणार, असं मी धरून चालते.) या वैरी चिंतनाची १३ प्रश्नांची मोजपट्टी १९९५ साली तयार झाली. तिच्यात तीन धागे आहेत: दुखण्याचाच विचार घोळत राहणं, ते आहे त्याहून भयंकर वाटणं, आणि आपल्या हातात काही नाही असं वाटणं. कॅन्सर होऊन गेलेल्याला तर याला जास्तीचं खतपाणी मिळतं. तुमचीआमची पाठ दुखली तर आपण म्हणतो काल गादी सरळ नव्हती. काकूंची पाठ दुखली की पहिला विचार येतो, ‘परत आला की काय?’ या भीतीला कुणीही अवास्तव म्हणू नये.

पण भीतीतून एक चक्र सुरू होतं. दुखेल म्हणून हात हलवायचा नाही, हलवला नाही म्हणून खांदा आखडतो, आखडला म्हणून थोडं हलवलं तरी जास्त दुखतं, आणि ‘बघा, मी म्हणत होते’ असं वाटून हात आणखी जपला जातो. चक्र स्वभावाने सुरू झालं असेल, पण शेवटी आखडलेला खांदा खराच असतो.

जगणं कुठे अडतं

जीवनमान मोजण्यासाठी कॅन्सरमध्ये सगळ्यात जास्त वापरली जाणारी प्रश्नावली ३० प्रश्नांची आहे. युरोपात तयार झाली, १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली, आता मराठीतही आहे. तिच्यातले प्रश्न अगदी घरगुती आहेत. सामानाची जड पिशवी उचलताना त्रास होतो का, दुखण्यामुळे रोजची कामं अडली का, आजारपणाचा घरच्या आयुष्यावर, पैशांवर परिणाम झाला का. दुखण्यासाठीच्या आणखी एका प्रसिद्ध प्रश्नावलीत, दुखणं किती हे विचारल्यावर ते सात ठिकाणी किती आडवं येतं हेही विचारतात. त्यात चालणं, काम, झोप, माणसांशी नातं वगैरे येतं.

‘किती दुखतं’ आणि ‘किती आडवं येतं’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि स्वभावाचं नातं पहिल्यापेक्षा दुसऱ्याशी जास्त घट्ट दिसतं. आमच्या ओळखीचे एक काका आहेत, कोपरीतले. तोंडाच्या कॅन्सरमधून बरे झाले. दुखणं फार नाही, गोळ्याही कमी. पण गडी जन्माचा गप्पिष्ट. संध्याकाळी मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर चार मित्र, हातात चहा, आणि राजकारणापासून गावच्या जत्रेपर्यंत सगळं. आता बोलणं अस्पष्ट येतं, जबडा थोड्या वेळात थकतो, चहा ओघळतो. कट्टा सुटला. अबोल माणसाला हेच दुखणं इतकं महाग पडलं नसतं, असं मला वाटतं. म्हणजे ज्या स्वभावाला अभ्यास सरासरीने ‘चांगला’ म्हणतात, तोच नेमक्या जागी घाव बसला तर जास्त गमावून बसतो.

शिस्तीच्या माणसांचीही एक गंमत असते. फिजिओथेरपिस्टने सांगितलं दहा वेळा, तर हे वीस वेळा करतात. दोन दिवस अंग मोडून येतं, मग आठवडाभर सुट्टी. त्यांना व्यायाम शिकवण्यापेक्षा थांबायला शिकवावं लागतं.

कोंबडी आधी की अंडं

एक मेख इथे आहे. बहुतेक अभ्यासांत स्वभाव आणि दुखणं एकाच वेळी मोजलेलं असतं. सहा महिने धड झोप नसलेल्या माणसाला तुम्ही विचारलंत, ‘तुम्ही पटकन चिडता का? मन उदास असतं का?’, तर तो काय सांगणार? काळजीखोर म्हणून जास्त दुखतं, की इतकं दुखतं म्हणून काळजीखोर? दोन्ही दिशांनी थोडं थोडं खरं आहे. काकू पूर्वी अशा नव्हत्या, हे त्यांचे यजमान सांगतात. पण ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

आणि एक भूत इथेच गाडायला हवं. ‘आयुष्यभर मनात कुढत राहिली, म्हणून तिला कॅन्सर झाला.’ हे मी तेराव्याच्या जेवणावळीतही ऐकलंय. ‘कॅन्सर होणारा स्वभाव’ ही कल्पना एकेकाळी मोठमोठ्या नावांनी मांडली होती. मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव. पण ही कल्पना ज्या संशोधनावर उभी होती त्यातले बरेच शोधनिबंध विश्वासार्ह नाहीत, असं लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या चौकशीने २०१९ मध्ये सांगितलं आणि त्यातले कित्येक मागे घेतले गेले. त्याआधी २०१० मध्ये स्वीडन आणि फिनलंडमधल्या जवळपास ६० हजार लोकांच्या नोंदी वापरून झालेल्या अभ्यासात स्वभावाचा कॅन्सर होण्याशी किंवा त्यातून वाचण्याशी ठोस संबंध सापडला नव्हता. थोडक्यात, स्वभावामुळे कॅन्सर होत नाही. कॅन्सरनंतरच्या दुखण्याबरोबरचं जगणं कसं जाईल, यात मात्र त्याचा वाटा असतो. या दोन वाक्यांतलं अंतर ज्याला कळलं त्याने पेशंटला ‘तू जरा पॉझिटिव्ह राहा’ म्हणायचं बंद करावं. त्या वाक्याने दुखणं कमी होत नाही. वर न जमल्याचा अपराधीपणा मात्र येतो.

मग स्वभाव कळून करायचं काय

आपण उपयोग उलटा करतो म्हणाले ते असं. सोशिक माणसाचं आपण कौतुक करतो, त्यामुळे तो आणखी सोसतो आणि त्याचं दुखणं कागदावर कधीच येत नाही. काळजीखोर माणसाचं आपण ऐकणं सोडतो, त्यामुळे तो आवाज वाढवतो आणि नऊचं साडेनऊ होतं. उपचार दोघांनाही कमी मिळतात.

सोशिक माणसाला आकडा विचारू नका, काम विचारा. वेणी घालता येते का? वरच्या फळीवरचा डबा कोण काढतं? रात्री कोणत्या कुशीवर झोपता? उत्तर लिहून डॉक्टरांना दाखवा. कुढ्या माणसाबरोबर कुणीतरी आत जावं, कारण तो ‘ठीक आहे’ म्हणून बाहेर येणार. काळजीखोर माणसाला ‘काही नाही होत’ म्हणू नका. त्याला नेमकी माहिती द्या: कोणतं दुखणं जुनं, ओळखीचं आहे आणि कोणतं लगेच दाखवायचं. नवीन जागी सुरू झालेलं, दिवसेंदिवस वाढणारं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं दाखवायचंच. पाठदुखीबरोबर पायातली ताकद कमी वाटली किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी जायचं. ही यादी फ्रिजवर लावल्यापासून काकूंचे रात्रीचे फोन कमी झालेत.

औषधं, फिजिओथेरपी, नेमाने थोडं थोडं चालणं हे तर आहेच. विचारांची आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणारे समुपदेशनाचे प्रकार आहेत, त्यांचा दीर्घकालीन दुखण्यावर उपयोग होतो. लांब जाणं जमत नसेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्यसेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीत बोलता येतं. ‘पॅलिएटिव्ह’ शब्द ऐकून घाबरू नये. ते डॉक्टर फक्त शेवटच्या दिवसांसाठी नसतात, दुखणं आटोक्यात आणणं हा त्यांचा रोजचा धंदा आहे.

राहता राहिली ‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण. २०१७ मध्ये २०७ अभ्यासांचा एकत्रित आढावा झाला. मानसोपचारांनंतर माणसांचे स्वभाव मोजणीत थोडे बदलतात, आणि सगळ्यात जास्त फरक त्या हेलकावे खाणाऱ्या पैलूतच पडतो, असं त्यातून दिसलं. सरासरी सहाएक महिन्यांत. तेव्हा स्वभावाला औषध थोडंफार आहे म्हणायचं.

आमच्या घरी सध्या एवढंच झालंय. मागच्या खेपेला मी वेणी, डबा, कूस असं सगळं एका कागदावर लिहून नेलं. घणसोलीला आत्याने तो मागून घेतला आणि पेनाने एक ओळ खोडली. “हे नको, त्यांना उगाच वाटेल मी रडतेय.” मी काही बोलले नाही. आत गेल्यावर तिने नेहमीचा प्रश्न ऐकला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “पाच.” मग जरा थांबून, “पाच लिहा.”

त्या पाचामुळे ती फिजिओथेरपीला पोचली. आता रोज सकाळी स्वयंपाकघराच्या भिंतीवर उजव्या हाताची बोटं मुंगीसारखी वर चढवायची, पोचतील तिथे पेन्सिलने रेघ मारायची. कालनिर्णयच्या खिळ्यापर्यंत अजून चार बोटं बाकी आहेत.